आप्पांची झडप

साखऱ्या कंत्राटदाराला काम द्यायचं हे जवळजवळ ठरलंच होतं. रविवारी सकाळी दहाच्या सुमारास बाहेरच्या खोलीत धाकट्याने कराराचे कागद टेबलावर पसरले आणि पेनाचं टोपण काढून बाजूला ठेवलं. टोपण निघालं की धाकट्याच्या लेखी काम झालेलंच असे.

"उद्यापासून माणसं लावतो म्हणालाय," तो म्हणाला. "दोन मजले, आठ महिने. अजून काय पाहिजे?"

"एखाद्या तरी गोष्टीला तो नाही म्हणालेला पाहिजे," थोरली म्हणाली. "मी त्याला विचारलं, जिना डावीकडून घेता येईल? म्हणाला, येईल. उजवीकडून? येईल. आणि मधूनच काढला तर? म्हणे, ताई, तुम्ही म्हणाल तसा. जिना आहे का पडदा, हवा तिकडे सरकवायला?"

काका मोठ्याने हसले. "गोड बोलतो, हा काय गुन्हा आहे? आधीचे दोघं खडूस होते, त्यांनी काय दिवे लावले?"

ते मात्र खरं होतं. जुनी घरं घ्यायची, नीटनेटकी करायची आणि भाड्याने द्यायची, हा उद्योग ह्या दोघा भावंडांनी काकांना धरून सहा वर्षांपूर्वी सुरू केला, आणि सहा वर्षांत दोन कंत्राटदारांनी त्यांना रडवलं. पहिला अर्धं छत उघडं टाकून जो गेला तो गेला. त्याचा फोन आजही वाजतो, पण उचलत कोणी नाही. दुसऱ्याने न्हाणीघराला उतार उलटा दिला. भाडेकरू अंघोळीला बसला की पाणी बाहेर बसलेल्या पाहुण्यांच्या पायाशी यायचं. थोरली शाळेत विज्ञान शिकवायची. तिने ह्या वेळी तेरा प्रश्नांची यादीच केली. पाच वर्षांपूर्वीचं काम दाखवा, नुकतं रंगवलेलं नको. ज्यांची कामं केलीत त्यांच्याशी तुम्ही समोर नसताना बोलू द्या. शेवटचं भांडण कोणाशी झालं आणि ते कसं मिटलं? साखऱ्या म्हणाला होता, माझं कोणाशी भांडणच होत नाही. त्या उत्तरापुढे थोरलीने शून्य मार्क लिहिले होते.

"तुझ्या परीक्षेत ती हातोडीवाली पहिली आली ना?" धाकटा म्हणाला. "मग तिचा खर्चाचा अंदाज कुठाय? पाच दिवस झाले त्या घराची किल्ली घेऊन गेलीये."

"आज घेऊन येते म्हणालीये."

आप्पा, ह्या भावंडांचे वडील, खिडकीजवळच्या खुर्चीत पेपर उघडून बसले होते. बराच वेळ त्यांनी पान उलटलं नव्हतं, पण तिकडे कोणाचं लक्ष नव्हतं. गेले तीन आठवडे, म्हणजे घरावर मजले चढवायचं ठरल्यापासून, आप्पा असेच गप्प होते. वय झालं की माणसं गप्प होतात, असं सगळ्यांनी आपापसात ठरवून टाकलं होतं.

आप्पांनी चाळीस वर्षं लोकांची घरं बांधली. त्यांची एक पद्धत होती. प्रत्येक घरात दाराजवळच्या खांबावर, कोपराच्या उंचीला, तळहाताएवढी जागा ते गिलावा न करता सोडायचे आणि तिच्यावर छोटी लाकडी झडप बसवायचे. मालकाला कधीही शंका आली तर झडप उघडावी आणि आतलं काँक्रीट डोळ्यांनी बघावं. लोक कौतुकाने पाहुण्यांना ती उघडून दाखवत. घर विकताना 'आप्पांची झडप आहे' एवढं सांगितलं तरी पुरत असे. झडप नव्हती ती फक्त आप्पांच्या स्वतःच्या घरात. त्यावरून त्यांची चेष्टा व्हायची. "घरच्यांना काय दाखवायचं?" आप्पा म्हणायचे, आणि विषय तिथेच संपायचा.

आता मजले चढवायचे होते ते घर आप्पांनीच चौतीस वर्षांपूर्वी एका पोस्टमास्तरांसाठी बांधलेलं. पोस्टमास्तर गेल्यावर त्यांच्या बायकोने ते विकायला काढलं. सगळ्या जगाला तेरा प्रश्न विचारणाऱ्या थोरलीने हे घर एकही प्रश्न न विचारता घेतलं. आप्पा "घेऊन टाका" म्हणाले, आणि तिने झडप तेवढी उघडून पाहिली. झडप इथे दारात नव्हती, मागच्या सामानाच्या खोलीत होती, आणि तीही गुडघ्याच्या उंचीला. म्हातारीला दारात नको असेल, असं म्हणून थोरली जमिनीवर ओणवी झाली, बॅटरी मारली. आत घट्ट, करडं, एकसंध काँक्रीट. तिचं तिलाच भरून आलं होतं. किल्ल्या देताना पोस्टमास्तरांची बायको म्हणाली होती, "चौतीस वर्षं निर्धास्त झोपलो हो आम्ही. आप्पांचं काम होतं ना."

दारावरची बेल वाजली.

*

हातोडीवाली आत आली ती खांद्याला पिशवी आणि हातात वर्तमानपत्राचं गाठोडं घेऊन. चाळिशीची बाई, केसांच्या कडेला सिमेंटची धूळ, पिशवीतून डोकावणारा हातोडीचा दांडा. सांगेल त्या वेळेला येणारी आणि 'जमणार नाही' हे शब्द तोंडात असणारी. थोरलीने तिला निवडलं होतं ते एवढ्यासाठीच. काकांना ती ह्याच कारणासाठी नको होती.

"चहा नंतर. आधी हे बघा," ती म्हणाली, आणि गाठोडं कराराच्या कागदांवरच उघडलं. खडी, वाळू, करड्या रंगाची ढेकळं.

"हे काय आहे?" धाकट्याने कागद वाचवायची धडपड केली.

"तुमचा खांब."

तिने एक ढेकूळ उचललं, मूठ मिटली आणि उघडली. मुठीतून भुगा टेबलावर सांडला.

"हातोडी लावलीच नाही. गिलावा काढला, आणि आतलं बोटांनी निघालं. मागचे चारही खांब असेच आहेत."

काका ताडकन उभे राहिले. "गिलावा काढायला तुम्हाला सांगितलं कोणी? किल्ली बघायला दिली होती, घर फोडायला नाही!"

"परवानगी घेतली होती."

"कोणाची?"

"माझी," आई म्हणाली.

ती स्वयंपाकघराच्या दारात कपांचा ट्रे घेऊन उभी होती. "बुधवारी फोन आला हिचा. मी म्हटलं, काढ."

काका वहिनीकडे बघतच राहिले. लग्न होऊन ती ह्या कुटुंबात आली तेव्हा ते दहा वर्षांचे होते. तिने आजवर घराच्या कुठल्याही व्यवहारात तोंड उघडलेलं त्यांना आठवत नव्हतं. ट्रे ठेवतानाही तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"पण घर उभं आहे की!" धाकटा म्हणाला. "चौतीस वर्षं!"

"वर काही नाही म्हणून उभं आहे. दोन मजले चढवले असते तर पहिला स्लॅब टाकतानाच बसलं असतं. खाली माझी माणसं असती, नाहीतर दुसऱ्या कोणाची." हातोडीवालीने हात झटकले. "ज्याने उद्यापासून काम सुरू करतो म्हटलं, त्याने एकदा तरी खांबाला हात लावून पाहिलं का, एवढं विचारा."

थोरली टेबलाशी वाकली. "मी झडप उघडून बघितली होती. स्वतः. आत घट्ट होतं."

"मीही बघितली. तिथे घट्टच आहे. वीतभर ह्या बाजूला, वीतभर त्या बाजूला. पुढे सगळं हे असं." तिने भुग्याकडे बोट केलं. पुढचं बोलावं की नाही, असं तिला झालं असावं. "ताई, आप्पांची झडप आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. दारात, कोपराच्या उंचीला. म्हणून मला ही गुडघ्याशी दिसली तेव्हा चुकल्यासारखं वाटलं. चारही खांब मी वरपासून खालपर्यंत ठोकून पाहिले. चार खांबांत मिळून एवढीच एक जागा चांगली आहे, आणि झडप बरोबर तिच्यावर आहे. ही जागा सहज सापडलेली नाही. कोणीतरी बसून ठोकून ठोकून शोधलीये."

धाकट्याने पेनाला टोपण लावलं.

काकांच्या कानात चाळणीचा आवाज सुरू झाला. अठरा वर्षांचे होते ते तेव्हा. पोत्यात गोळे झालेलं जुनं सिमेंट. गोळे फोडायचे आणि चाळायचे. दोन दिवस ते एकटे चाळत होते. गोळे झालेलं सिमेंट मेलेलं असतं, हे त्यांना तेव्हाही माहीत होतं. त्यांनी विचारलं नव्हतं. आज तेच साखऱ्यासाठी भांडत होते, कारण साखऱ्याला त्यांनी गुपचूप सांगून ठेवलं होतं, मागच्या खांबांना बाहेरून गिलाव्याचा चांगला जाड थर दे. साखऱ्या म्हणाला होता, होईल. का म्हणून त्याने विचारलं नव्हतं. काकांना तोच त्याचा मोठा गुण वाटला होता.

"मी," काका म्हणाले. "ते काम माझ्या अंगावर होतं. माल मी बघितला नाही. नंतर घाबरलो आणि झडपही मीच बसवली. दादाला ह्यातलं काही माहीत नाही."

इतक्या सहज खोटं बोलता आलं ह्याचं त्यांनाच आश्चर्य वाटलं.

"म्हणून साखऱ्या!" थोरली त्यांच्यावर धावूनच गेली. "म्हणून तुम्हाला भिंतीला हात न लावणारा माणूस हवा होता! काका, वर भाडेकरू राहणार होते. लहान मुलं असलेली माणसं राहणार होती! आणि आप्पांच्या नावावर—"

"तू बस," आप्पा म्हणाले.

थोरलीला वाटलं, आप्पा तिलाच बस म्हणतायत. पण ते भावाकडे बघत होते.

*

आप्पांनी पेपरची घडी घातली, मग त्या घडीची घडी घातली.

"अठरा वर्षांचा होता तो," ते म्हणाले. "मी चाळ म्हटलं, त्याने चाळलं. बाकी सगळं मी केलं."

थोरली उभीच होती. तिला काहीतरी करायला हवं होतं, म्हणून तिने टेबलावरचा भुगा हाताने एका जागी गोळा करायला सुरुवात केली.

"झडप?" तिने विचारलं.

"मीच बसवली. साचे काढल्याबरोबर कळलं मला. ठोकलं की भद आवाज यायचा. पाडायला हवे होते ते खांब. पाडले नाहीत. मग मालक विचारायला लागले, झडप कुठाय? सगळ्यांच्या घरी आहे, आमच्या का नाही? एक अख्खी दुपार बसून ठोकत होतो. तेवढीच एक जागा भरीव वाजली."

"आणि ते लोक तिथे झोपत होते."

"हो."

"चौतीस वर्षं."

"हो."

थोरलीला वाटत होतं, आप्पांनी ओरडावं, हातोडीवालीला खोटं ठरवावं, निदान सिमेंट विकणाऱ्याला शिव्या घालाव्यात. पण ते एकेका प्रश्नाला वर्गातल्या शहाण्या मुलासारखं सरळ उत्तर देत होते, आणि ते ऐकवत नव्हतं.

"मग आम्हाला घ्यायला का सांगितलंत?"

"विकायला निघालं होतं. दुसऱ्या कोणी घेतलं असतं तर त्याने वर मजले चढवले असते. आपल्याकडे आलं की काहीतरी निमित्त काढून रिकामं ठेवू, हळूहळू मी मागची बाजू पाडून नीट करून घेईन, असं मनात होतं."

"पण मजले तर आम्हीच चढवायला निघालो होतो! आप्पा, तीन आठवडे आम्ही ह्याच खोलीत बसून कंत्राटदार शोधतोय. तुमच्यासमोर!"

"रोज सकाळी ठरवायचो, आज सांगू." आप्पांचा आवाज पहिल्यांदा फाटला. "तू ती यादी वाचून दाखवायचीस ना, पाच वर्षांपूर्वीचं काम दाखवा, वगैरे. ती ऐकली की तोंडच उघडायचं नाही."

थोरली खाली बसली. त्या यादीतला एकूण एक प्रश्न तिने आप्पांकडे बघून लिहिला होता. आप्पा असते तर त्यांनी काय उत्तर दिलं असतं, ते बरोबर, असं तिचं साधं गणित होतं.

"बाकीची घरं?" धाकट्याने विचारलं. त्याचा आवाज लहान मुलासारखा झाला होता. "आप्पा, बाकीच्या घरांचं काय?"

"बाकी सगळीकडे झडप दारातच आहे. कुठलंही घर घे, हवा तिथे फोडून बघ. एकच वाईट केलं."

"एकच का केलंत पण?"

हातोडीवाली इतका वेळ उभी होती. तिने आता हलक्या आवाजात विचारलं, "आप्पा, त्या कामाला चांगला माल आलाच नव्हता का?"

"आला होता," आप्पा म्हणाले. "गाडी भरून आला होता."

"मग गेला कुठे?"

*

आईला उत्तर माहीत होतं. ते तिच्यासमोर दहा पावलांवर उभं होतं.

बाहेरच्या खोलीच्या दाराजवळचा खांब. त्याच्यावर पेन्सिलीने आखलेल्या मुलांच्या उंचीच्या रेघा होत्या, डावीकडे थोरलीच्या, उजवीकडे धाकट्याच्या. रंग देताना दर वेळी तेवढी पट्टी सोडून रंग द्यायचा, असा घरचा नियम होता. ह्या खांबाला तिने स्वतः पाणी मारलं होतं, सातव्या महिन्यात, दिवसातून दोनदा, ओली पोती गुंडाळून. भाड्याची खोली सोडायची तारीख जवळ आली होती आणि स्वतःच्या घराचं काम सिमेंटसाठी अडलं होतं. त्या वर्षी सिमेंट मिळायची मारामार होती. मग एका सकाळी अचानक गाडी आली. नवीकोरी पोती, हात लावला तर आत पिठासारखं मऊ. तिने विचारलं होतं, "अहो, आणि पोस्टमास्तरांच्या कामाला?"

"होईल," आप्पा म्हणाले होते.

तिने पुन्हा विचारलं नाही. चौतीस वर्षांत बाजारातून येताना कधी त्या रस्त्याने गेलीच, तर ती समोरच्या बाजूने चालायची. बुधवारी फोनवर त्या अनोळखी बाईने विचारलं, "मागच्या खांबाचा गिलावा काढून बघू का?" तेव्हा 'काढ' हा शब्द तोंडातून असा निघाला की जणू कोणीतरी विचारायची ती वाटच बघत होती.

आई पुढे झाली. हातोडीवालीच्या पिशवीतली हातोडी तिने न विचारता काढून घेतली.

"वहिनी," काका म्हणाले. "वहिनी, नको."

तिने खांबावर ठोकलं. टण्.

खणखणीत आवाज आला. तिने वर ठोकलं, थोरलीच्या बाराव्या वर्षाच्या रेघेजवळ. टण्. वाकून खाली ठोकलं, जिथे धाकटा पहिल्यांदा आधाराशिवाय उभा राहिला ती रेघ होती. टण्. कुठेही ठोका, तोच स्वच्छ, भरीव आवाज. खोलीतल्या प्रत्येकाला त्या क्षणी वाटत होतं की एकदा तरी भद वाजावं.

धाकटा खांबाकडे बघत होता. हिशोब करायला त्याला वेळ लागला नाही. त्याचं आणि ह्या घराचं वय एकच होतं.

"मी होणार होतो म्हणून?" त्याने विचारलं.

"नाही," आई इतक्या जोरात म्हणाली की कप वाजल्यासारखे वाटले. "ते तुझ्या डोक्यावर घेऊ नकोस. आणि तुम्हीही त्याच्या डोक्यावर घालू नका. भाड्याच्या खोलीत कोणी मरत नव्हतं. आपल्याला घर हवं होतं. मला हवं होतं. मी एकदा विचारलं आणि 'होईल' म्हटल्यावर गप्प बसले, कारण मला ते ऐकायचं होतं."

थोरली आईकडे आणि मग आप्पांकडे बघत राहिली. ज्या दोन माणसांना ती जन्मापासून ओळखत होती, ती दोघं आज तिला पहिल्यांदा भेटल्यासारखी वाटत होती. लहानपणी गडगडाट झाला की ती ह्याच खांबाला पाठ टेकून बसायची. आप्पा सांगायचे, हा हलणार नाही. खरंच हलणार नव्हता तो. तिला त्याचीच भीती वाटली.

"पोस्टमास्तरांच्या बायकोला सांगावं लागेल," ती शेवटी म्हणाली.

"मी जातो," आप्पा म्हणाले. "आजच. एकटा जातो."

"मी येईन बरोबर," काका म्हणाले.

थोरलीने साखऱ्याच्या कराराचे कागद उचलले, त्यातच भुगा बांधला आणि हातोडीवालीकडे वळली. "तुम्ही घ्याल का काम?"

"मजल्यांचं नाही घेणार. कधीच नाही. मागचे खांब एकेक करून नवे करायचे असतील तर घेते. सगळं उघडं ठेवून, तुमच्यापैकी कोणीतरी रोज समोर उभं राहून. उद्यापासून जमणार नाही, हातातलं काम संपायला तीन आठवडे लागतील."

"चालेल," थोरली म्हणाली. तेरा प्रश्नांपैकी एकही तिला आठवला नाही.

"सुरुवात मात्र तिकडून नको," आई म्हणाली. हातोडी अजून तिच्या हातात होती. "इथून कर. ह्या खांबाला झडप पाड. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसू दे आत काय आहे ते."

हातोडीवाली गोंधळली. तिने थोरलीकडे पाहिलं, धाकट्याकडे पाहिलं. "हा खांब चांगला आहे, आई. ह्याला कशाला?"

मग आप्पा खुर्चीतून उठले. खिशातून पेन्सिलीचा तुकडा काढला. काम सोडून बारा वर्षं झाली तरी तो खिशात असायचाच. खांबाशी जाऊन त्यांनी हात वाकवला, कोपराची उंची धरली आणि चौकोन आखायला घेतला. पहिली रेघ वाकडी गेली. धाकटा उठला आणि त्याने आप्पांचं मनगट धरलं. उरलेल्या तीन रेघा दोघांनी मिळून आखल्या.